विश्वकोशाच्या गावी

मंडळी, २०२५ च्या माघात एका रविवारी वाईला जाऊन आले. भाच्याचं पाचगणीला काम होतं आणि गाडीत जागा होती. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, तेव्हा नववीत होती. तीही निघाली. भाचा म्हणाला, "मावशी, वर चल, टेबललँड बघू, स्ट्रॉबेरी खाऊ, संध्याकाळी परत सांगली." मी म्हटलं, "टेबललँड शाळेच्या सहलींबरोबर दहा वेळा पाहिलंय. मला वाईतच उतरव आणि येताना घे." त्याला नवल वाटलं. "वाईत दिवसभर करणार काय तू? गणपतीला अर्धा तास पुरे होतो." नात लगेच म्हणाली, "आजी, 'स्वदेस'चं शूटिंग तिथेच झालं होतं ना?" 'स्वदेस' आला २००४ साली, ही त्यानंतर सहा वर्षांनी जन्मली, तरी तिला वाई माहीत ती तेवढ्यापुरतीच.

माझं कारण वेगळं होतं. ते सांगायचं तर आधी आमच्या घरातल्या एका कपाटाबद्दल सांगायला हवं.

आमच्या ह्यांनी आयुष्यात हौस अशी एकच केली, ती म्हणजे मराठी विश्वकोशाची. हे गणिताचे शिक्षक, मी मराठी आणि इतिहासाची. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. पगार झाला त्या संध्याकाळी हे एक जाडजूड पुस्तक काखेत मारून घरी आले. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "ह्यात सगळं आहे." मी म्हटलं, "ह्यात सगळं असेल, पण डब्यात डाळ नाही." त्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी मुलांना काहीतरी सांगायचं म्हणून मीच गुपचूप तो खंड उघडला आणि भांडण मिटलं.

मग खंड निघेल तसा घरी यायचा. कधी उशिरा, कधी दिवाळीच्या बोनसमधून, पण यायचा. असे चौदा खंड जमले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं घाबरून विचारायला लागली की बाई, आपल्याकडे पण होणार का? कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, पहाटे घराबाहेर पळालेली. पण अनुभव असणं वेगळं आणि कारण सांगता येणं वेगळं. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून 'भूकंप' ही नोंद वाचली, कठीण शब्दांचे सोपे शब्द करून वहीत उतरवले आणि दुसऱ्या दिवशी मी तो तास घेतला. मराठीतून. इंग्रजी पुस्तक उघडावं लागलं नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या माझ्यासारखीला ही केवढी मोठी गोष्ट होती हे तुम्हाला कदाचित सांगून कळणार नाही.

"एकदा वाईला जाऊन हे काम करणारी माणसं पाहून यायची," हे ह्यांचं नेहमीचं वाक्य. उन्हाळ्यात जाऊ, निवृत्तीनंतर जाऊ, असं करता करता राहूनच गेलं. २०११ मध्ये हे गेले.

आता कपाट. खंड जड म्हणून ते सगळ्यात खालच्या फळीवर. आमचं घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. २००५ च्या पुरात पाणी आमच्या पायरीला लागून परत गेलं होतं. त्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा मी अनुभवी माणसाच्या तोऱ्यात होते. गॅसची टाकी, धान्याचे डबे, कागदपत्रं, ह्यांचा फोटो वर माळ्यावर गेलं. शेजारचा मुलगा म्हणाला, "बाई, पुस्तकं पण चढवू का?" मी म्हटलं, "राहू दे रे, जड आहेत, पाणी पायरीच्या वर येत नाही." त्या वेळी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्हाला होडीतून बाहेर काढलं.

दहा-बारा दिवसांनी परत आलो तेव्हा खंड फुगून फळीत असे घट्ट बसले होते की ओढून निघेनात. कपाट फोडावं लागलं. गावातल्या जुन्या वाचनालयाचीही हजारो पुस्तकं त्या पुरात भिजून गेली, त्यापुढे माझे चौदा खंड ते काय! पण वाचनालयाला पुस्तकं हलवायला माणसं कमी पडली असतील. मला माणूस स्वतःहून विचारत होता आणि मी नको म्हटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मुलांनाही "पाणी फार जोरात आलं" एवढंच सांगितलं.

तर असं हे कारण. आता प्रवासाकडे वळते.

सांगलीहून वाईला जायचं म्हणजे कृष्णेच्या उलट्या दिशेने जायचं. पेठ नाक्यावरून कराड, तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात तो प्रीतिसंगम आणि यशवंतराव चव्हाणांची समाधी. पुढे सातारा. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा येऊन कृष्णेला मिळते. पाचवडहून आत वळलं की थोड्याच वेळात वाई. आमच्या सांगलीची कृष्णा म्हणजे रुंद, संथ, मळकट, वयस्क बाई. वाईची कृष्णा लहान मुलगी. महाबळेश्वराहून नुकती खाली उतरलेली, वरच्या अंगाला धोमच्या धरणात थोडी अडलेली, आणि मग घाटांच्या पायऱ्यांपाशी खेळणारी. नातीला म्हटलं, "हेच पाणी पुढे आपल्या दारातून जातं बरं." ती म्हणाली, "दारातून की घरातून?" पोरीला पूर आठवत होता.

वाईला दक्षिण काशी म्हणतात. गावाच्या आळ्यांना जोडून घाट आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि आणखी. माघापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो तो घाटाघाटावर पाळीपाळीने चालतो. १६५९ साली अफझलखान फौज घेऊन वाईला तळ देऊन बसला होता. शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून तेव्हा कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी वाईकरांची श्रद्धा आहे. आम्ही गेलो तेव्हा एका घाटावर मांडव होता आणि बायका ओट्या भरायला रांगेत होत्या. आम्हीही भरली.

गणपती आळीचा ढोल्या गणपती तुम्ही पाहिला असेलच. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई ह्या रास्त्यांच्याच घरातल्या. वाईतली बरीच देवळं या रास्ते घराण्याने उभी केली. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही त्यांचंच. गणपतीची मूर्ती सुमारे दहा फूट उंच, एकाच दगडातली. सगळे समोरून दर्शन घेतात आणि निघतात. मी नातीला देवळाच्या मागे, नदीच्या बाजूला नेलं. तिथे गाभाऱ्याची भिंत सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी निमुळती केलेली आहे, म्हणजे पुराचं पाणी आलं तर तिच्यावर आदळण्याऐवजी दोन बाजूंनी फाकून निघून जावं. बांधणाऱ्याने देवावर भरवसा ठेवला, पण नदीचा स्वभावही लक्षात ठेवला. देव आत बसला आहे म्हणून पाणी येणार नाही, असं तो म्हणाला नाही. मला आमची पायरी आठवली. मी तिथे जरा वेळ गप्पच उभी राहिले.

मंडळी, आपण एखाद्या गावाला साहित्याचं गाव म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कवी येतात, नाटककार येतात. आम्हा सांगलीकरांना तर ही सवयच लागलेली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' सांगलीत केलं, गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. आमचा वारसा रंगभूमीवरचा, दिव्यांच्या उजेडातला. वाईच्या वाट्याला कवी नाहीत असं नाही. मेणवलीजवळच्या भोगावला 'यथार्थदीपिका' लिहिणाऱ्या वामनपंडितांची समाधी दाखवतात. पण दिवसभर हिंडल्यावर मला वाटलं की वाईचा खरा वारसा निराळा आहे. तो लिहिण्यापेक्षा सांभाळण्याचा आहे. कागद जपायचे, गोळा करायचे, जुळवायचे, क्रमाने लावायचे, आणि आपण नसू तेव्हा दुसऱ्याला सापडतील अशा जागी ठेवायचे.

मेणवलीचंच बघा ना. वाईपासून दोन-तीन किलोमीटरवर नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. घाटावरच्या छोट्या देवळात एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा तिकडच्या चर्चमधली ही घंटा आली. सिनेमावाले येतात ते या घाटासाठी. आम्ही रिक्षा करून गेलो तर तिथे चार-पाच जोडपी फोटो काढत होती. पण इतिहासाच्या दृष्टीने या वाड्यातली मोलाची वस्तू घंटा नव्हे. ती म्हणजे नानांचं दप्तर. नाना वारले १८०० साली. अठरा वर्षांत पेशवाईही गेली. पण पेशवाईचा कारभार ज्याच्या हातून चालला त्या माणसाचे कागद या नदीकाठच्या वाड्यात रुमालांत बांधलेले राहिले. पुढे साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी त्यांचा शोध घेतला, त्यातले पुष्कळ छापले. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली आला. त्यातली पानिपतच्या सुमाराची पत्रंही वाईतल्याच एका जुन्या घराण्याच्या दप्तरातून मिळालेली.

म्हणजे विचार करा. पानिपतावर आपण आज एवढं बोलतो, कादंबऱ्या वाचतो, सिनेमे बघतो. त्यामागचे कागद कुणाच्या तरी घरात शंभर-सव्वाशे वर्षं पडून होते. उंदीर, वाळवी, पाऊस आणि रद्दीवाला या चौघांच्या तावडीतून ते सुटले. घरातल्या सगळ्यांना त्यांची किंमत कळली होती असंही नाही. कुणाला तरी टाकवलं नाही, एवढंच.

पेशवाईनंतरच्या शतकात ह्याच गावात सांभाळण्याचं काम पुन्हा नव्याने सुरू झालं. नारायणशास्त्री मराठे यांनी वाईत प्राज्ञपाठशाळा चालवली. जुन्या पद्धतीने शास्त्रं शिकवायची, पण डोळे उघडे ठेवून, आणि देशात काय चाललंय त्याचं भान ठेवून. हेच पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले. मीमांसाकोश आणि धर्मकोश ही त्यांची कामं. इकडेतिकडे विखुरलेली हजारो वचनं विषयवार लावून ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाला वाद घालायचा असला तरी पुरावा हाताशी असावा. विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन १९१७ च्या सुमारास इथेच नारायणशास्त्र्यांजवळ वेदान्त शिकायला येऊन राहिले होते.

ह्याच पाठशाळेत खानदेशातल्या पिंपळनेरचा एक मुलगा शिकायला आला. लक्ष्मण बाळाजी जोशी. पुढे कलकत्त्याहून 'तर्कतीर्थ' पदवी घेऊन आलेला, इंग्रजी विद्यापीठाची पदवी नसलेला. ह्या शास्त्र्याने जन्मभर काय काय केलं पाहा. १९३० च्या चळवळीत तुरुंगात गेला. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे शास्त्राच्याच आधाराने मांडण्यासाठी गांधीजींना साहाय्य केलं. १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचं पौरोहित्य ह्यांनी केलं. सनातनी मंडळींना ते रुचणारं नव्हतं, पण त्यांच्याहून शास्त्र जास्त येणाऱ्या माणसाशी वाद घालायचा कसा? १९५५ साली साहित्य अकादमीचे पुरस्कार सुरू झाले तेव्हा मराठीतला पहिला पुरस्कार तर्कतीर्थांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला मिळाला.

आणखी एक योग सांगते. आम्ही वाईला गेलो तो रविवार दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या आधीचा. त्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या आमच्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर. त्याआधी दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं ते १९५४ साली, आणि तेव्हाचे अध्यक्ष होते वाईचे तर्कतीर्थ. म्हणजे दिल्लीला दोनदा संमेलन झालं आणि दोन्ही वेळा अध्यक्षपद कृष्णाकाठी आलं. सांगलीत त्या आठवड्यात सगळीकडे हाच विषय होता. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळालेला. आनंदाचे दिवस होते.

महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं. भाषेचं राज्य मिळालं, पण राज्याची भाषा ज्ञानाची भाषा व्हायची तर नुसत्या घोषणांनी कसं होणार? यशवंतरावांनी साहित्य संस्कृती मंडळ स्थापलं आणि अध्यक्ष केलं तर्कतीर्थांना. त्यातून विश्वकोशाचं काम उभं राहिलं, आणि ते मुंबईत किंवा पुण्यात न होता वाईत झालं. जिथे विद्यापीठ नाही, आगगाडी नाही, अशा तालुक्याच्या गावात! त्याआधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी जवळजवळ एकट्याच्या हिमतीवर 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड काढले होते. विश्वकोश हे सरकारने अंगावर घेतलेलं काम. ठिकठिकाणचे तज्ज्ञ नोंदी लिहीत, आणि वाईतली संपादक मंडळी त्या तपासून, शब्द घडवून, एकसारख्या करून छापायला देत. जिथे मराठी शब्दच नव्हता तिथे तो आधी तयार करावा लागे. नोंदी लिहून होण्याआधी परिभाषेचीच यादी करण्यात वर्षं गेली.

पहिला खंड १९७६ चा. विसावा खंड पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडलं. तर्कतीर्थ २७ मे १९९४ ला वारले. शेवटच्या खंडापर्यंत ते नव्हते. त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, विजया वाड अशांनी धुरा वाहिली. एकोणचाळीस वर्षांत जग कुठल्या कुठे गेलं. पहिले खंड निघाले तेव्हा जर्मनी दोन होत्या, सोव्हिएत संघ होता. शेवटचा निघाला तेव्हा दोन्ही नव्हतं. लोक त्यावर हसतात. भाषा जड आहे अशीही तक्रार असते आणि ती खोटी नाही. मला स्वतःला नोंदी वर्गात नेण्याआधी सोप्या करून घ्याव्या लागत. पण मला असं वाटतं की वरच्या वर्गातल्या मुलाचे कपडे लहान भावाला मोठे होतात, म्हणून ते शिवणारा चुकला असं होत नाही. आपण वाढलो नाही हेही एक कारण असू शकतं.

दुपारी एका खानावळीत पिठलं-भाकरी खाऊन आम्ही गंगापुरीत विश्वकोशाच्या कार्यालयाकडे गेलो. आणि माझी फजिती झाली. रविवार! तीस-बत्तीस वर्षं घंटेवर नोकरी केलेली बाई मी, आणि सरकारी कार्यालय रविवारी बंद असतं हे डोक्यातच आलं नाही. जवळच एक फुलवाली बसली होती. ती म्हणाली, "आज बंद असतंय आजी, उद्या या की." मी म्हटलं, "उद्या कुठली येते? मी सांगलीची." म्हणाली, "एवढ्या लांबनं आलाय, कुणी आपलं हाय का आत?" काय उत्तर द्यावं मला सुचेना. मी "हो" म्हणाले.

पाटीकडे बघत पाच मिनिटं उभी राहिले. ह्यांची आठवण आली. ज्यांना पाहायचं म्हणून हे म्हणत होते ती माणसंही आता बहुतेक निवृत्त झाली असतील, काही गेलीही असतील. खंडाच्या सुरुवातीच्या पानांवर बारीक टाइपात त्यांची नावं असत. हे ती नावंसुद्धा वाचायचे. मी हसायचे की पाहुण्यांची यादी वाचल्यासारखी काय वाचता? पुढच्या-मागच्या काही हजार पानांत आपलं नाव कुठेही ठळक येणार नाही हे माहीत असून ज्यांनी रोज सकाळी येऊन एकेक नोंद नीट केली, अशी ती माणसं.

मग आम्ही घाटावर येऊन बसलो. नात म्हणाली, "आजी, तुझा विश्वकोश तर नेटवर आहे ना सगळा?" तिने मोबाइलवर काढून दिला. 'कृष्णा नदी' शोधलं आणि समोर कृष्णा वाहत असताना तिने मला ते वाचून दाखवलं. अडखळत. जोडाक्षरापाशी थांबत. 'पाणलोट' ह्या शब्दाशी ती अडली. मी बोटाने दाखवलं, ते बघ समोर डोंगर, त्याच्या अलीकडच्या अंगावर पडलेला पाऊस ज्या नदीत उतरून येतो तिचं ते पाणलोट क्षेत्र. ती डोंगराकडे बघत म्हणाली, "म्हणजे पाणी लोटलं जातं म्हणून पाणलोट? किती सोपंय." आणि पुढचं वाक्य न अडखळता वाचलं.

माझे चौदा खंड गेले तेव्हा मला वाटलं होतं की विश्वकोश गेला. तो गेला नव्हता. ज्यांनी तो केला त्यांच्या मागच्या लोकांनी तो वेळेवर वरच्या फळीवर चढवला होता, एवढंच मला माहीत नव्हतं. पण त्याच वेळी हेही कळलं की नुसतं चढवून भागत नाही. नेटवर असलेलं हे सगळं त्या पोरीच्या मोबाइलमध्ये तिच्या जन्मापासून होतं म्हणा ना, आणि तिने ते पहिल्यांदा उघडलं ते त्या दिवशी, घाटावर, शेजारी कुणीतरी शब्द सांगायला बसलं होतं म्हणून. नानांचं दप्तर वाड्यात होतं, पण मोडी वाचणारा आला तेव्हा त्याचा इतिहास झाला.

परत येताना गाडीत मी भाच्याला आणि नातीला कपाटाची गोष्ट सांगितली. शेजारच्या मुलाने विचारलं होतं हेही सांगितलं. भाचा काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मावशी, तेव्हा सगळ्यांनाच वाटलं होतं पायरीपर्यंतच येईल." ते खरं आहे. तरी सांगितल्यावर मला जरा बरं वाटलं.

सोमवारी सकाळी मी एक फोन केला. मी ज्या एका शाळेत होते तिथे विश्वकोशाचे खंड आहेत. तळमजल्यावर, कुलूपबंद कपाटात, खालच्या फळीवर. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दहा शाळांत हीच परिस्थिती सापडेल. मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. म्हणाले, "बाई, तुम्ही सांगताय म्हणजे हलवतो." मी म्हटलं, "नुसतं हलवू नका, माझ्यासमोर हलवा." गुरुवारी गेले. आठवीची चार मुलं खंड उचलून जिना चढत होती. वर एका वर्गाच्या कोपऱ्यात मांडणी रिकामी करून ठेवली होती. कुलूप लावायचं नाही असं मी कबूल करून घेतलं. एक मुलगा दोन खंड छातीशी धरून धापा टाकत माझ्यापाशी थांबला आणि विचारतो, "बाई, हे नुसतं ठेवायचंय का वाचायचंय?"

मी त्याला म्हटलं, बस इथे. 'भूकंप' काढ.

आता दर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर एक तास मी तिथे जाते. पाच-सात मुलं असतात, कधी दोनच.

असो. तुमच्यापैकी कुणाकडे जुने खंड, जुन्या वह्या, आजोबांची पत्रं असं काही असेल तर एवढंच करा, खालच्या फळीवर ठेवू नका. आणि वाईला जाल तेव्हा रविवारी जाऊ नका.